कोरा डाव

१

तिक्वाचे कान तपासायचे म्हणजे आधी तिची मनधरणी करावी लागे. रिम्मा अर्काद्येव्ना सकाळी तराफ्यावर आली की आधी तिच्या डोक्यावर थोपटायचं, दोन शब्द बोलायचे, आणि मग कामाचं नाव काढायचं. हे चुकलं की बाईसाहेब जाळीच्या कोपऱ्यात जाऊन पाठ फिरवणार. तिक्वा म्हणजे रशियनमध्ये भोपळा. पहिल्या दिवशी ही डॉल्फिन इतकी गोल दिसत होती की तिला शिकवणाऱ्या ग्लेबने तिथल्या तिथे बारसं करून टाकलं. नौदलाच्या कागदावर तिला नुसता नंबर होता, पण खाडीत तिला नंबराने हाक मारणारा कुणी नव्हता.

काम तसं रोजचंच. तिक्वाने पाण्याखालची लाकडी खुंटी तोंडात धरायची आणि ऐकत थांबायचं. सूर ऐकू आला की खुंटी सोडून रबरी चेंडू नाकाने ढकलायचा. नाही आला तर शिट्टी होईपर्यंत जागचं हलायचं नाही. दोन्हीपैकी जे बरोबर असेल त्याला एक मासा. मधूनमधून रिम्मा मुद्दामच काही वाजवत नसे. त्याला आमच्याकडे कोरा डाव म्हणत. कोरे डाव नसले तर डॉल्फिन लबाड होतो, ऐकू येवो न येवो, दर वेळी चेंडू ढकलून मासे उपटतो. आणि बंदरावर पहाऱ्याला ठेवलेल्या जनावराने नसलेल्या पाणबुड्याची वर्दी दिली तर त्याच्यामागे अख्खं बंदर रात्रभर पळतं. म्हणून कोऱ्या डावाला ‘काही नाही’ म्हणणारं जनावर तेवढं कामाचं, बाकी सगळी खोगीरभरती.

त्या वर्षी सोव्हिएत संघ मोडून सेवास्तोपोलमध्ये झेंडा बदलला होता आणि हे नौदल नक्की कुणाचं हे वर कुणालाच ठरवता येत नव्हतं. तोवर आमच्या तळावर माशांना टंचाई आणि माणसांना काळजी. महिनाअखेर तपासणीची समिती येणार होती. ज्यांचे कान शाबूत ती जनावरं राहणार, बाकीची एका सर्कसवाल्याच्या टाक्यांत घालून दक्षिणेकडे रवाना. तिक्वाचं वय झालेलं. तिच्यावर सगळ्यांचा डोळा होता.

आणि रिम्माला तिक्वा जाऊन चालणार नव्हतं. ग्लेब तिचा नवरा. त्याने तिक्वाला हाताने भरवून शिकवलेलं. गेल्या हिवाळ्याच्या तोंडावर तो खाडीच्या मुखाशी जाळं सोडवायला पाण्यात उतरला तो वर आलाच नाही. शोधायचं तेवढं शोधलं. हाती काही लागलं नाही. घरी त्याचे कोट होते, बूट होते, पण ते काय, कुणाचेही असतात. त्याला ओळखणारं, त्याच्यासाठी झुरणारं तिच्याखेरीज दुसरं कुणी असेल तर ते ह्या जाळीत होतं.

त्या सकाळी धुकं होतं. चार-पाच सूर झाले, तिक्वाने सगळे बरोबर सांगितले. मग रिम्माने कोरा डाव टाकला. सूर वाजवायच्या यंत्राचा काटा शून्यावर, कळीवर बोट नाही. तिक्वाने खुंटी सोडली, शांतपणे पुढे गेली आणि चेंडू ढकलला.

२

चूक कुणाची होत नाही? रिम्माने मासा दिला नाही, थोडं थांबून पुन्हा सुरू केलं. सूर बरोबर, सूर बरोबर, कोरा डाव, आणि चेंडू पुन्हा हलला.

तिने नझारला बोलावलं. नझार म्हणजे तळावरच्या तारा आणि यंत्रं सांभाळणारा गडी. कुठलंही काम सांगा, आधी कुरकुर करणार आणि मग ते सांगणाऱ्यापेक्षा नीट करणार. त्याने तारा उपसल्या, जोड पुसले, पाण्यातला माइक बदलून नवा टाकला. माणसाच्या कानापलीकडचा आवाजही ज्यावर काट्याने दिसतो ते यंत्र लावलं. कोऱ्या डावात काटा ढिम्म हलला नाही. तिक्वाने मात्र चेंडू ढकलला.

“यंत्रात खोट नाही, रिम्मा अर्काद्येव्ना,” हात पुसत नझार म्हणाला. “खोट तुमच्या भोपळ्यात आहे. म्हातारपणी चळलीय.”

रिम्मालाही तेच वाटलं असतं. पण एक गोष्ट तिच्या नजरेतून सुटली नव्हती. डॉल्फिन ऐकतो तो खालच्या जबड्याने. बाहेरून कान शोधायला जाल तर टाचणीच्या टोकाएवढं भोक दिसेल. आवाज शिरतो तो जबड्याच्या हाडातून. म्हणजे जबडा जिकडे, लक्ष तिकडे. सूर वाजला की तिक्वाचा जबडा रिम्माच्या यंत्राकडे असे. कोऱ्या डावात तो वळत होता खाडीच्या मुखाकडे, आणि दर वेळी अगदी त्याच जागी.

मुखाशी कुठली तरी बोट असेल, असं तिने स्वतःला सांगितलं. धुकं उठल्यावर मुद्दाम दुर्बीण लावून पाहिलं. बोट नव्हती.

३

आता हे सांगायला हवं. तळावरचे सगळे शिक्षक आपल्या जनावराला नौदलाच्या शिट्टीने बोलवत. ग्लेब पाण्यात असला की पाठीवरच्या हवेच्या नळकांड्यावर सुरीच्या मुठीने ठोकायचा. दोन ठोके, जरा थांबून तिसरा. त्यावरून लोक त्याला हिणवत, दूधवाला आला म्हणत. पण ते ठोके ऐकले की तिक्वा जे करी ते ती दुसऱ्या कुणासाठी करत नसे. ती कुशीवर वळायची, एक डोळा वर, फिकट पोट बाहेर, आणि तशीच तरंगत राहायची. इतकी वर्षं मासे चारूनही रिम्माच्या वाट्याला ते कधी आलं नव्हतं. त्याचं तिला थोडं वाईटही वाटायचं, आणि ग्लेब त्यावरून तिला चिडवायचा.

पुढच्या सकाळी कोऱ्या डावात तिक्वाने चेंडू ढकलला, मुखाकडे तोंड केलं आणि ती कुशीवर वळली.

रिम्माने कानाला हेडफोन लावले होते. कोळंब्यांची नेहमीची कडकड, लांबवर एखादं इंजिन, बाकी काही नाही. तिने आवाज पूर्ण वाढवला. स्वतःच्या छातीची धडधड तेवढी ऐकू आली. वीस वर्षं ती पोरांना शिकवत आली होती की माणसाला ऐकू येतं ती आवाजाची नुसती एक चिरफळी असते, बाकीचं जग आपल्या कानावरून निघून जातं. पण यंत्राला तर सगळं ऐकू येतं, आणि यंत्र म्हणत होतं की पाण्यात काही नाही.

तिक्वा डोळा वर करून तशीच पडून होती. रिम्माचा हात बादलीत गेला. हे चुकतंय हे तिला पुरतं कळत होतं. खोट्या ‘हो’ला मासा दिला की जनावर बिघडतं, हे तिनेच तिच्या हाताखालच्या प्रत्येकाला पहिल्या दिवशी सांगितलेलं. तरी तिने मासा दिला. दिल्यावर तिला इतकं रडू आलं की केबिनचं दार लावून घ्यावं लागलं.

मग ते रोजचंच झालं. सकाळी ती उगाच दोन कोरे डाव जास्त टाकी. तिक्वा ‘हो’ म्हणे, कुशीवर वळे, आणि रिम्मा मासा देई. घरी जाताना तिचं पाऊल हलकं असे. बेकरीवाल्या बाईने विचारलंसुद्धा, काय गं, काही चांगली बातमी आली का. रिम्माने नुसते पैसे मोजून दिले. काळ्या पावाची लादी घेऊन ती घरी आली आणि कितीतरी महिन्यांनी पोटभर जेवली.

४

हे नझारच्या लक्षात आलं. तो तिच्याशी कधी मोठ्याने बोलत नसे, त्या दिवशीही बोलला नाही. केबिनमध्ये चहाचा ग्लास समोर घेऊन बसला.

“तुम्ही तिला खोटं बोलायला शिकवताय,” तो म्हणाला. “समिती येईल, ही बया प्रत्येक कोऱ्या डावाला हो म्हणेल, आणि टाकीत बसून जाईल. मग काय करणार?”

“तिला काहीतरी ऐकू येतंय, नझार.”

“तिला मासा ऐकू येतोय.” मग त्याचा आवाज खाली आला. “गेलेल्या माणसासाठी मांडतात तसा ग्लेबसाठी टेबलावर व्होडकाचा ग्लास मांडा. त्यावर पावाचा तुकडा ठेवा. चार माणसं बोलवा, रडा. वर्ष होत आलं. माणसाला निरोप न देता असं लटकत ठेवू नये.”

सगळ्यांनी हेच सांगितलं होतं. देहच हाती आला नाही तर ग्लास कुणाचा मांडायचा, असं म्हणून रिम्माने ते टाळलं होतं. नझारवर तिला राग आला, आणि त्याचं बरोबर आहे म्हणून जास्तच आला. तिने रात्रभर स्वतःशी हिशेब मांडला. पहिल्या दिवशी तिक्वा चुकली असेल. कुशीवर वळणं हा योगायोग असेल. पुढचं सगळं तिच्या हाताने, एकेक मासा देऊन, तिनेच घडवलेलं. ग्लेबचं नाव घेऊन ती ग्लेबच्याच जनावराला देशोधडीला लावत होती. हे कळल्यावर तिला स्वतःची शिसारी आली.

उपाय तिला तोंडपाठ होता. मासा बंद. मासा मिळेनासा झाला की जनावर आठवड्याच्या आत नाद सोडतं. आजवर एकही जनावर ह्याला अपवाद ठरलं नव्हतं.

तिक्वाने नाद सोडला नाही. मासा नाही तर नाही, ती चेंडू ढकलत राहिली. उलट कोऱ्या डावानंतर पुढच्या सुराचा मासा टाकला तर तो तोंडात घेऊन सोडून देई, आणि मासा हेलकावे खात तळाला जाई. उपाशी राहून खोटं बोलणारा डॉल्फिन रिम्माने बघितला नव्हता, ऐकला नव्हता. इथून पुढे तिला भीती वाटायला लागली.

कारण जबडा आता मुखाकडे वळत नव्हता. तो बंधाऱ्याच्या टोकाकडे वळत होता. काही दिवसांनी बंधाऱ्याच्या अलीकडे, जिथे जुनी नांगराची साखळी पडली आहे तिकडे. मग जाळीच्या फाटकाकडे. रिम्माने नझारला काही न सांगता फक्त उभं राहून बघायला लावलं. त्याने बघितलं. टोपी काढून पुन्हा घातली. त्या दिवशी काही एक कुरकुर न करता त्याने फाटकाची कडी तपासली, आणि त्यानंतर तो फाटकाच्या बाजूने तराफ्यावर यायचा बंद झाला. विचारलं तर म्हणे, ती फळी निसरडी आहे.

एका दुपारी वारा पडला होता आणि खाडी सपाट होती. रिम्मा केबिनमध्ये एकटी चहा घेत होती. ग्लासातल्या चहावर बारीक वर्तुळं उठली. विरली, पुन्हा उठली. मग थोडं थांबून आणखी एकदा. जहाजाचं इंजिन असेल, ती म्हणाली, आणि मोठ्याने म्हणाली. चहा तिने टाकून दिला. उठून तिक्वाकडे पाहिलं, तर तिक्वा कुशीवर पडलेली, आणि तिचा जबडा तराफ्याच्या खाली रोखलेला होता.

५

समिती आली ती उन्हाच्या वेळी. प्रमुख होता कप्तान झाबोलोत्नी. तरुण असताना रिम्माच्याच हाताखाली शिकलेला, मनाने वाईट नाही, फक्त थकलेला. सोबत दोन अधिकारी, आणि मागे चामडी जाकीट घातलेला सर्कसवाला, सूर्यफुलाच्या बिया सोलून टरफलं पाण्यात टाकत उभा. त्याचा टाकीवाला ट्रक धक्क्यावर लागलेलाच होता.

सूर झाले. बारीकातला बारीक सूर तिक्वाने टिपला. कप्तानाच्या चेहऱ्यावर आश्चर्य दिसलं, ह्या वयात असे कान त्याने पाहिले नव्हते. मग त्याने बोटाने खूण केली आणि कोरा डाव पडला. तिक्वाने चेंडू ढकलला. दुसरा कोरा डाव, पुन्हा तेच. तिसऱ्याला तर ती खुंटी नीट धरायच्या आतच वळली. जबडा सरळ खाली, जिथे रिम्माची खुर्ची होती त्या फळ्यांच्या खाली.

सर्कसवाल्याने बियांची पुडी खिशात घातली.

“रिम्मा अर्काद्येव्ना,” कप्तान म्हणाला, “मला हे तुम्हीच शिकवलंत. काही नसताना हो म्हणणारं जनावर ठेवता येत नाही.”

“तिचे कान उत्तम आहेत.”

“कान उत्तम आहेत, ते दिसलं. तिच्या ‘हो’वर विश्वास कसा ठेवू, ते सांगा.”

तिला सगळं सांगता आलं असतं, आणि त्यानंतर तिक्वाबरोबर तिलाही कुठे तरी पाठवलं असतं. तिने एवढंच मागितलं, की खुंटी सैल वाटते, ती घट्ट करू दे आणि आणखी एक फेरी घ्या. कप्तानाला नाही म्हणवेना.

रिम्मा तराफ्यावर पालथी झोपली. खुंटीला हात घालायचं तिने सोंग केलं. हवेत बोललेलं पाण्यात शिरत नाही, पाण्याच्या पाठीवरूनच परत फिरतं, हे तिला माहीत नसेल तर कुणाला माहीत असणार? म्हणून तिने श्वास घेतला आणि तोंड पाण्यात घातलं. पाणी थंडगार होतं. समोर तिक्वाचं धूड अंधुक दिसत होतं. तिच्या पलीकडे, तराफ्याखालच्या काळोखात, रिम्माने काही पाहायचा प्रयत्न केला नाही. ती फक्त बोलली. शब्दांचे बुडबुडे झाले, तरी बोलली.

“ग्लेब. गप्प राहा. नाहीतर हिला नेतील.”

पाणबुड्यांची एक रीत आहे. खाली हुकूम मिळाला की नुसता ऐकून चालत नाही, हाताची खूण करून कळवावं लागतं, कळलं म्हणून. अंगठा आणि त्याशेजारचं बोट जुळवून गोल, बाकीची तीन बोटं सरळ. हुकूम कितीही नावडता असो, खूण द्यावीच लागते, नाहीतर वरचा माणूस घाबरतो.

तिचे डोळे खाऱ्या पाण्याने झोंबत होते. तिक्वाच्या परासमोर, काळोख संपून उजेड सुरू होतो त्या कडेवर काहीतरी फिकट होतं. क्षणभरच. गोल, आणि त्यावर तीन सरळ. मग काळोख मागे सरकला, की तेच मागे सरकलं, तिला सांगता आलं नसतं. तिने तोंड बाहेर काढलं आणि खोकत राहिली. नझारने तिला धरून उठवलं. तिच्या केसांतून पाणी गळत होतं आणि ती कप्तानाला म्हणत होती, घ्या, फेरी घ्या.

कोरा डाव पडला. तिक्वाने खुंटी धरली. जबडा एकदा खाली गेला. मग हळूहळू बंधाऱ्याकडे वळला, मग मुखाकडे, आणि कुणीतरी दूर जात असताना आपण पाहत राहतो तशी ती तिकडे पाहत राहिली. शिट्टी होईपर्यंत ती हलली नाही. दुसऱ्या कोऱ्या डावात जबडा कुठेच वळला नाही. तिसऱ्यात नाही. मध्ये घातलेले सूर तिने एकूणएक सांगितले.

कप्तानाने खांदे उडवले आणि हसला. म्हणाला, खुंटीच सैल होती म्हणायची. सर्कसवाला ट्रककडे गेला.

६

माणसं गेल्यावर नझारने कुठून तरी बाटली पैदा केली. तिक्वा राहिली ह्याचा त्याला खराच आनंद झाला होता, डोळे पुसत तो तिला लबाड म्हातारी म्हणत होता. रिम्माने त्याला घरी जायला सांगितलं. कपडे बदला, न्यूमोनिया होईल, असं बजावत तो गेला. जाताना इतक्या दिवसांत पहिल्यांदाच फाटकाकडच्या फळीवरून गेला, त्याच्या ते लक्षातही आलं नाही.

ती ओल्या केसांनीच तराफ्याच्या कडेला बसली. ऊन उतरत होतं. मग पुन्हा पालथी झाली, तोंड पाण्यात घातलं आणि म्हणाली, गेले ते, आता बोल. उघड्या डोळ्यांनी थांबली. तराफ्याखाली शेवाळं होतं, दोरखंड होते, आणि तळापर्यंत स्वच्छ हिरवं पाणी होतं. श्वास संपल्यावर वर आली, पुन्हा गेली. हाक मारली, माफी मागितली, मी कायमचं गप्प बस असं म्हटलं नव्हतं म्हणाली. शेवटी उठून यंत्राशी जाऊन बसली.

तिने कोरा डाव टाकला. कळीवर बोट नाही, काटा शून्यावर. तिक्वा खुंटी धरून स्थिर होती. चेंडू पाण्यावर होता तिथेच होता. रिम्माने शिट्टी वाजवली नाही. वाट पाहिली, नेमानुसार पाहायची त्याहून कितीतरी जास्त पाहिली, एवढा वेळ कुठल्याही जनावराला ताटकळत ठेवू नये. तिक्वा थांबली. तिला ऐकू येत होतं ते सगळं ती ऐकत होती, आणि त्यात सांगण्यासारखं काही नव्हतं.

मग शिट्टी झाली. तिक्वा वर आली, तराफ्यावर हनुवटी टेकवून तिने तोंड उघडलं. उत्तर बरोबर होतं. रिम्माने बादलीतून मासा काढला आणि तिला दिला.